पांडुरंगाच्या दारी उपाशी बसलेला पांडुरंग : साने गुरुजी

(पांडुरंग सदाशिव साने. जन्म : २४ डिसेंबर १८९९, पालगड, जि. रत्नागिरी. निधन : ११ जून १९५०, मुंबई.)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या स्मरणिकेत संतांचं स्मरण होईल, विणेकऱ्यांचं, मृदंगमण्यांचं, वाटेवर पंगती घालणाऱ्या अन्नदात्यांचं होईल. ते झालंच पाहिजे. पण एक माणूस असा आहे की जो कुठल्या फडाचा मालक नव्हता, कीर्तनकार नव्हता, महाराज म्हणून कोणी त्याच्या पाया पडत नव्हतं. साधा शाळामास्तर. स्वातंत्र्याच्या लढ्यात पडला आणि आयुष्याची कितीतरी वर्षं तुरुंगात काढली. तरी पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं ऋण आहे. त्याचं नाव साने गुरुजी.

ऋण कसलं, ते आधी सांगतो. आपल्या दिंडीची सुरुवातीची वर्षं डोळ्यांपुढे आणा. त्या काळी वारीत सगळ्या जातींची माणसं चालत. कपाळी गोपीचंदन-बुक्का, गळ्यात तुळशीमाळ, मुखात एकच नाम. एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवण्याची रीत तेव्हाही होती. पण पंढरीत पोचल्यावर महाद्वारापाशी त्या रांगेचे दोन भाग पडत. एक भाग आत जाई, देवाच्या पायांवर माथा टेकवी. दुसरा भाग नामदेव पायरीपाशी, चोखोबांच्या समाधीपाशी थांबे, कळसाकडे बघून हात जोडी आणि माघारी फिरे. त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणत, ती ही माणसं. इतरांइतकंच चालून, इतरांइतकाच पाऊस अंगावर घेऊन ती पंढरीला आलेली असत. फक्त देवाचं दर्शन त्यांना नव्हतं. हे १९४७ सालापर्यंत असंच चाललं होतं. म्हणजे आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांतली पहिली काही वर्षं त्यातच गेली.

पालगडचं घर

गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यातल्या पालगड गावचा. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणं एके काळी खोताचं, बऱ्यापैकी सधन. पण गुरुजी लहान असतानाच घराची पडती सुरू झाली. कर्ज झालं, जप्ती आली, वैभव गेलं. आईने मात्र त्या गरिबीत मुलाला वळण लावलं. झाडावर, गाईगुरांवर, शेजारच्या माणसावर माया कशी करावी, हे तिने पोथी न वाचता, रोजच्या कामातून शिकवलं.

त्यांच्या 'श्यामची आई' या पुस्तकात एक प्रसंग आहे. महारवाड्यातली एक म्हातारी लाकडाची मोळी डोक्यावर घ्यायला धडपडत होती. सोवळ्याओवळ्याचा काळ, कोणी हात लावायला तयार नाही. आईने मुलाला पाठवलं, मोळी उचलून द्यायला लावली आणि घरी आल्यावर आंघोळ कर म्हणून सांगितलं. त्या माउलीला तिच्या काळात जेवढं जमलं, तेवढं तिने केलं. माणुसकी पाळली आणि रूढीही सांभाळली. मुलाने पुढे मोठेपणी त्यातली माणुसकी ठेवली आणि आंघोळ सोडून दिली. गुरुजींच्या साऱ्या आयुष्याचं मूळ या एका गोष्टीत सापडतं.

शिक्षण फार हालअपेष्टांत झालं. दापोली, औंध, पुणे असं फिरत, कधी अर्धपोटी राहून त्यांनी शाळा पुरी केली. १९१७ साली आई गेली, तेव्हा हा मुलगा शिकायला परगावी होता. शेवटची भेट झाली नाही. ती सल त्यांना जन्मभर राहिली. पुढे पुण्यातच कॉलेज करून ते पदवीधर झाले आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी खानदेशात अमळनेरला आले.

अमळनेरचे मास्तर

अमळनेर म्हणजे बोरी नदीच्या काठचं गाव. संत सखाराम महाराजांचं संस्थान तिथे आहे. वैशाखात मोठी यात्रा भरते, रथ निघतो, दिंडी पंढरपूरला जाते. खानदेशातले वारकरी अमळनेरला प्रतिपंढरपूर म्हणतात. अशा गावी १९२४ साली गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि शाळेच्या वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे आलं.

वसतिगृहात त्यांनी काय केलं? मुलांच्या खोल्या झाडल्या, मुलांचे कपडे धुतले, आजारी पोराच्या उशाशी रात्र-रात्र बसून राहिले. मुलांसाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढलं. उपदेशापेक्षा हातातला केरसुणीचा फटका जास्त बोलतो, हे आपल्या गाडगेबाबांना ठाऊक होतं, तसंच ते या मास्तरांनाही उमगलं होतं. लग्न त्यांनी केलं नाही. दुसऱ्यांची पोरं हाच त्यांचा संसार झाला.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. गुरुजींनी चांगली चाललेली नोकरी सोडली आणि लढ्यात उतरले. लगेच पकडले गेले. धुळ्याचा तुरुंग, मग थेट तामिळ मुलखात त्रिचनापल्लीचा तुरुंग. तिथे ते दक्षिणेतल्या कैद्यांबरोबर राहिले, त्यांच्या भाषा ऐकल्या, शिकल्या. सगळ्या भारताच्या लेकरांनी एकमेकांची भाषा जाणावी, हे त्यांचं पुढचं स्वप्न तिथेच रुजलं.

तुरुंगातला लेखनिक

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते. त्यांनी दर रविवारी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायला सुरुवात केली. २१ फेब्रुवारीला पहिला अध्याय झाला आणि १९ जूनला अठरावा. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर लिहून घेत. तीच पुढे 'गीता प्रवचने' म्हणून पुस्तकरूपाने निघाली आणि देशातल्या अनेक भाषांत गेली. आज गावोगाव लोक ती वाचतात. ती कागदावर उतरली ती गुरुजींच्या हाताने, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं.

पुढच्याच वर्षी, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या काही दिवसांत 'श्यामची आई' लिहिलं. दिवसाचं काम उरकायचं आणि उरलेल्या वेळात आईची आठवण काढून लिहायचं. महाराष्ट्रात असं घर विरळा की जिथे हे पुस्तक कोणी ना कोणी वाचून रडलं नाही. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. तो सन्मान बघायला गुरुजी तेव्हा उरले नव्हते.

तुरुंगाबाहेर आले की गुरुजी खानदेशातल्या शेतकऱ्यांत आणि गिरणीकामगारांत असत. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. शहर सोडून खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. त्यासाठी गुरुजी गावोगाव पायी हिंडले. सारा माफीसाठी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. १९४२ च्या लढ्यात भूमिगत राहून काम केलं आणि पुन्हा तुरुंगात गेले. पण पुढारी म्हणून खुर्ची मागायला ते कधी पुढे आले नाहीत. दिघ्यासारख्या ठिकाणी, जिथे खानदेश, कोकण, घाटमाथा, वऱ्हाड असा सगळा मुलूख कारखान्यांच्या आसऱ्याने येऊन एका चाळीत राहतो, तिथल्या माणसाला असा पुढारी आपला वाटावा, असंच त्यांचं वागणं होतं.

पंढरीचं उपोषण

स्वातंत्र्य दाराशी आलं होतं. गुरुजींच्या मनाला एकच गोष्ट टोचत होती. देश मोकळा होणार, पण देवाच्या दारात आपलीच माणसं अडवली जाणार असतील, तर हे स्वातंत्र्य कोणाचं? मंदिरं महाराष्ट्रात हजारो होती. पण त्यांनी पंढरपूरच निवडलं, कारण पंढरी हे महाराष्ट्राचं हृदय आहे. तिथलं दार उघडलं तर गावोगावची दारं आपसूक उघडतील, असा त्यांचा विश्वास होता.

ही मागणी नवी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला होता. तो कित्येक वर्षं चालला, लोकांनी मार खाल्ला, पण दार उघडलं नाही. शेवटी १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. देवळात शिरून पोट भरत नाही. शिक्षण, हक्क आणि स्वाभिमान हेच आधी, असा त्यांचा रोख होता. म्हणून १९४७ साली अनेक दलित बांधवांना मंदिरप्रवेशाची ओढ राहिलेली नव्हती. त्यांनी तरी किती वर्षं दारात उभं राहायचं? ही गोष्ट आपण वारकऱ्यांनी प्रामाणिकपणे ध्यानात ठेवली पाहिजे. दार उघडणं ही बाहेरच्यांवर केलेली मेहेरबानी नव्हती, ते आत उभ्या असलेल्यांचं प्रायश्चित्त होतं. गुरुजींची भूमिका नेमकी हीच होती. जे शतकानुशतकं आत गेले, त्यांच्या वतीने ते उपाशी बसले.

उपोषणाआधी लोकांना सांगितलं पाहिजे म्हणून १९४७ च्या सुरुवातीचे महिने त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापटांसारखी मोठी माणसं सोबत आली. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक गाणी म्हणत बरोबर फिरलं. गुरुजी सभेत बोलायला लागले की गळा दाटून यायचा. संतांची नावं घेऊन ते विचारायचे की ज्या चोखोबाला देवाने जवळ केलं, त्याच्या लेकरांना आपण कोणत्या तोंडाने अडवतो? त्या दौऱ्यात कितीतरी गावांनी आपली मंदिरं आणि पाणवठे सर्वांना खुले केले. पण पंढरीचं दार बंदच राहिलं. बडवे मंडळींनी जुन्या रूढीकडे आणि वंशपरंपरेच्या हक्कांकडे बोट दाखवलं. सनातनी विरोधक पेटून उठले. काळे झेंडे निघाले, गुरुजींनी गाव सोडून जावं म्हणून घोषणा झाल्या.

दुःख याचं की विरोध करणाऱ्यांत काही माळकरीही होते. ते लपवून चालणार नाही. पण त्याच पंढरीत तनपुरे महाराजांनी आपल्या मठाचं दार उघडलं आणि गुरुजींना उपोषणासाठी जागा दिली. वारकरी संप्रदायाची लाज त्या दिवशी तनपुरे महाराजांनी राखली.

१ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झालं. पंढरपूरचा वैशाख आपण जाणतो. वाळवंट तापलेलं, चंद्रभागेचं पाणी आटलेलं. त्या उन्हात पन्नाशीकडे झुकलेला, तुरुंगवासांनी खंगलेला हा माणूस फक्त पाण्यावर पडून राहिला. महाराष्ट्रभरातून माणसं येऊन बघून जात, डोळे पुसत.

मधे एक कठीण गोष्ट घडली. गांधीजींना कोणीतरी अपुरी माहिती दिली आणि त्यांनी उपोषण थांबवावं म्हणून तार केली. गुरुजींसाठी गांधीजी म्हणजे बापाच्या ठिकाणी. त्यांचा शब्द मोडणं म्हणजे जिवाचं पाणी होणं. तरी गुरुजींनी नम्रपणे कळवलं की आपल्याला मिळालेली माहिती पुरी नाही, मी थांबू शकत नाही. ज्याला गुरू मानलं त्याच्याही पुढे सत्य असतं, असं मानणारी ही निष्ठा.

अखेर केंद्रीय कायदेमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर पंढरपूरला आले. त्यांनी बडव्यांशी बोलणी केली, दोन्ही बाजूंना सांभाळून घेतलं. बडवे मंडळींनी मंदिर सर्वांना खुलं करायला संमती दिली आणि १० मे रोजी गुरुजींनी उपोषण सोडलं. त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेने तर अस्पृश्यता मुळापासूनच बेकायदा ठरवली.

चोखोबा मंगळवेढ्याला भिंत कोसळून गेले, त्याला तेव्हा सहाशेवर वर्षं होऊन गेली होती. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वाराबाहेर समाधी केली, असं परंपरा सांगते. नामदेवांचं प्रेम त्या दाराबाहेरपर्यंत पोचलं. पुढची चार पावलं चालायला महाराष्ट्राला सहा शतकं लागली.

अखेरची वर्षं

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. गुरुजींचं मन मोडलं. मारणारा महाराष्ट्राचा, याची शरम वाटून त्यांनी २१ दिवसांचं उपोषण केलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केलं. ते आजही चालू आहे. सगळ्या प्रांतांच्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांना ओळखावं म्हणून 'आंतरभारती'ची कल्पना त्यांनी मांडली.

पण आतून ते खचत चालले होते. माणूस कमालीचा हळवा, दुसऱ्याचं दुःख अंगाला चिकटवून घेणारा. स्वराज्यात जे व्हायला हवं होतं ते होत नाही, ही खंत त्यांना पोखरत राहिली. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं. वय अवघं पन्नास.

चरित्र लिहिताना ही गोष्ट गाळून टाकावी असं काहींना वाटतं. गाळू नये. ज्याने हजारोंचे अश्रू पुसले, त्याच्या मनातला काळोख वेळेवर कोणाच्या हाती लागला नाही, एवढंच आपण जाणावं आणि शिकावं. दिंडीत कोणी मागे राहिला तर चोपदार थांबवून त्याला हाताला धरून आणतात. घरीदारी, आळीत, कामाच्या ठिकाणीही कोणी गप्प-गप्प होऊन मागे पडत असेल तर त्याची विचारपूस करणं हीसुद्धा सेवाच. त्यांच्या जाण्याने त्यांचं काम काही लहान होत नाही.

आपल्यासाठी

पंढरपूरच्या मंदिराची व्यवस्थाही पुढे बदलली. १९७३ साली राज्याने कायदा करून वंशपरंपरेचे हक्क काढून घेतले. त्यावर वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम केला. आज रांगेत उभं राहिलं की पुढचा कोण, मागचा कोण, कोणी विचारत नाही. तासन्तास उभं राहावं लागतं तेव्हा आपण कुरकुरतो. पण त्या रांगेत उभं राहायला मिळावं म्हणून कोणाच्या तरी पिढ्या महाद्वाराबाहेर थांबल्या, हे आपल्या पोरांना माहीत नाही. ते आपण सांगायला हवं.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारायला हवा. वारीत आपण सगळे माउली असतो. वारी संपवून गावी आलो की काय होतं? पंगतीत कोण कुठे बसतो, कोणाच्या घरचं पाणी चालतं, कोणाच्या पोराला खोली भाड्याने मिळत नाही, पोरीचं लग्न ठरवताना काय बघितलं जातं? मंदिराचं दार १९४७ ला उघडलं. घराचं दार कायद्याने उघडत नाही. ते आपल्या हातानेच उघडावं लागतं. दिंडीच्या दुसऱ्या शंभर वर्षांत एवढं जरी झालं, तरी गुरुजींच्या त्या दहा दिवसांचं चीज होईल.

यंदा पंढरीला पोचलात की महाद्वारापाशी क्षणभर थांबा. नामदेव पायरीला हात लावा, चोखोबांच्या समाधीवर माथा टेकवा. आणि मग आत पाऊल टाकताना पालगडच्या त्या मास्तरांची आठवण ठेवा. आईबापांनी त्यांचं नाव पांडुरंग ठेवलं होतं. पांडुरंगाच्याच दारी, दुसऱ्यांना दर्शन मिळावं म्हणून तो उपाशी राहिला.

रामकृष्ण हरी!